नाथसागरातील हौशी मासेमारी

पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरणाच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, करमणुकीसाठी गळाने केली जाणारी मासेमारी. धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी केली आणि उद्‌घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. सुमारे १०२ टीएमसी क्षमतेचा हा उथळ, पसरट जलाशय छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत सुमारे ३५० चौ. किमी. पसरला असून १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्याचा किनारा तो हाच. येथे पोटासाठी जाळे टाकणारे भोई-कहार आहेत, तसे सुटीच्या दिवशी गळ घेऊन बसणारे हौशीही. त्यांना सरसकट मज्जाव करण्यात अर्थ नाही आणि मोकळे सोडण्यातही नाही. बंधन हवे ते मोसमाचे, जागेचे आणि माशाच्या जातीचे.

याचे कारण माशांच्या विणीत आहे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पण तिघेही साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते प्रवाहाकडे धावतात. म्हणून जलाशयातला साठा सोडलेल्या मत्स्यबीजावर आणि वरच्या अंगाच्या नदीवर अवलंबून राहतो. उलट, १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितो; मादी अंडी तोंडातच उबवते आणि पिल्ले धोका दिसताच पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. अशा पाहुण्याचे कितीही मासे गळाला लागोत, नुकसान नाही. मात्र अंड्यांनी भरलेली रोहूची मादी उचलली, तर पुढची पिढीच उचलली जाते. एका गळाने असे काय बिघडते, जाळी तर क्विंटलभर काढतात, हा आक्षेप वजनापुरता बरोबर आहे. परंतु पुराच्या तोंडाशी मासे दाटतात आणि गळ नेमके तेथेच पडतात. शिवाय जाळ्याला आसाच्या मापाचा नियम घालता येतो, गळाला तसा नाही. म्हणून त्याला दिवसांचाच नियम लागतो. गरिबाच्या काठीवर परवान्याचे ओझे कशाला, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: पोटासाठी धरणाऱ्याला सूट द्यावी, हौसेसाठी येणाऱ्याकडून शुल्क घ्यावे.

अभयारण्यात गळच नको, असेही कोणी म्हणेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे २९ वे कलम परवानगीशिवाय अधिवासाला धक्का लावू देत नाही, आणि उथळ काठांपुरता हा आग्रह रास्तही आहे. हिवाळ्यात तेथेच चक्रवाक, बदके उतरतात. मुग्धबलाक चोचीच्या टोकांनी गोगलगाय वा शिंपला धरून आतला जीव उपसतो. तेथले शिंपले गोळा करणे आणि तुटलेली नायलॉनची दोरी टाकून जाणे, दोन्ही वर्ज्यच हवे. पक्ष्यांच्या पायांत ती दोरी अडकते. खोल पाण्याकडचे ठरावीक काठ मात्र गळासाठी राखता येतात. कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नाथसागराच्या वरच्या अंगाला पुराच्या दिवसांत हौशी गळालाही तशी बंदी लावावी.