विज्ञानकथेचे पालकत्व

पाश्चात्त्य देशांत विज्ञानकथा वाचकमंडळांच्या आश्रयाने वाढली. मराठीत हे पालकत्व प्रामुख्याने एका विज्ञानप्रसारक संस्थेकडे आले. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेस प्रथम पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरे उलटवून ते योजले होते. कीर्तीचे नव्हे, संहितेचे मूल्यमापन व्हावे, ही त्यामागील भूमिका समीक्षकांनी विसरू नये. मात्र या पालकत्वाची किंमतही मोजावी लागली. विज्ञानाधाराच्या कसोटीने विज्ञानकथेस प्रतिष्ठा दिली; भय आणि अद्भुत यांत रमणारे नारायण धारप, विज्ञानकथा लिहूनही, समीक्षेच्या उंबरठ्यावरच राहिले.