शहरातील मधुमक्षिकापालन : न्यूयॉर्कचे नियम

हिंस्र श्वापदे आणि विषारी सापांच्या यादीत बसवून न्यूयॉर्क शहराने १९९९ मध्ये मधमाश्या पाळण्यास बंदी केली होती. मार्च २०१० मध्ये आरोग्य मंडळाने ती उठवली. मात्र परवानगी मिळाली ती केवळ एपिस मेलिफेरा या जातीला. आपल्याकडे पेटीत पाळली जाणारी सातेरी माशी तेथे चालत नाही. मधपेट्यांची नोंद आरोग्य विभागाकडे करणे बंधनकारक आहे. पेटीतील चौकटी काढता-घालता येण्याजोग्या हव्यात. जवळ पुरेसे पाणी ठेवण्याची अट किरकोळ भासते. परंतु पाणी न मिळाल्यास माश्या शेजाऱ्यांच्या नळावर जमतात आणि तंट्याला तेथूनच तोंड फुटते. वसाहतीतून थवा बाहेर पडल्यास त्याचा बंदोबस्तही पाळणाऱ्यानेच तातडीने करावयाचा असतो.