माळढोकाचं घर : कागदावरचं आणि माळावरचं

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास इतर मंडळी लिहिणारच आहेत. जागा कशी मिळाली, कर्ज कसं फिटलं, पाण्याची टाकी कशी वाढवली, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून मी दुसऱ्याच एका वसाहतीचा इतिहास लिहायला घेतला. शुक्रवार पेठेतून निघून बार्शी रस्त्याला लागलं की वीस-बावीस किलोमीटरवर ती आहे : नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य. परगावचे लोक कॅमेरे घेऊन तिथे येतात आणि आपण सोलापूरकर हुरडा खायला त्याच रस्त्याने पुढे निघून जातो.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांमधला सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर साधारण मीटरभर उंच आणि वजनाला पंधरा किलोपर्यंत भरतो. टोळ, भुंगे, सरडे, धान्य, बोरं असं सगळं खातो. मादी झाडावर घरटं बांधत नाही, उघड्या माळावर जमिनीवरच अंडं घालते, आणि तेही बहुधा एका वेळी एकच. त्यामुळे एक अंडं कुत्र्याने खाल्लं की त्या मादीचा अख्खा हंगामही वाया जाऊ शकतो. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी ठरला, त्या वेळी डॉ. सलीम अली यांचं मत माळढोकाच्या बाजूने होतं.

नान्नजची कहाणी सुरू होते ती दुष्काळापासून. १९७२चा दुष्काळ आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना चांगला आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोची भाकरी. त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा या गावांच्या माळांवर काही तुकडे राखले गेले. चराई थांबली तसं गवत वाढलं, आणि त्या गवतात माळढोक विणीला येऊ लागले. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी या पक्ष्याकडे सरकारचं आणि अभ्यासकांचं लक्ष वेधलं. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी माळढोकाच्या अभ्यासासाठी इथल्या माळावर येत राहिले.

आता विस्ताराची गोष्ट. अभयारण्याचं क्षेत्र जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! आपल्याकडचे उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तिकडे नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, लोकांची शेतं आली. प्रत्यक्षात पक्ष्याच्या उपयोगाचा माळ त्यातला अगदी थोडा. पण जमिनीच्या व्यवहारांवर, बांधकामांवर निर्बंध आले ते सगळ्यांच्याच. ज्याने जन्मात माळढोक पाहिला नव्हता, त्या शेतकऱ्यालाही तो नकोसा झाला. शेवटी तीस-एक वर्षांनी हे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं.

एवढ्या काळात माळाचं काय झालं? उजनी धरण झालं, पाणी आलं, ऊस आला. नान्नजच्याच नानासाहेब काळे यांनी द्राक्षाची 'सोनाका' जात काढली. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरं मिळून ते नाव झालं. याचा आपल्याला अभिमानच आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा आला तर त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण ज्वारी, करडई, भुईमुगाची जी मोकळी रानं माळढोकाला चालायची, ती घटली. विजेच्या तारा वाढल्या. या पक्ष्याला उडताना समोरचं नीट दिसत नाही आणि अंग जड, त्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही. भरीस भर म्हणजे हिरवाई करायची म्हणून माळावर झाडं लावली गेली. माळ म्हणजे पडीक जमीन, ही सरकारदरबारची जुनी समजूत. खरं तर गवताळ माळ हेच एक पूर्ण वाढलेलं रान असतं. झाडं दाटली की दूरवरचं दिसत नाही आणि माळढोक ती जागा सोडतो.

सोसायटीतल्या मुलांना घेऊन मी तिथे गेलो होतो. मनोऱ्यावरून काळविटांचा कळप दिसला, लांब एक खोकड पळालं, चंडोल गात होते. माळढोक काही दिसला नाही. एका मुलाने विचारलं, "आजोबा, तो नाहीच तर पाटीवर त्याचं नाव कशाला?" मी म्हटलं, "बाळा, ही पाटी आहे म्हणून हे गवत राहिलंय."

हे उत्तर अर्धंच आहे, हे मलाही कळतं. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. जैसलमेरजवळ सम इथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम चालू आहे. २०२४ साली तिथे कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. पण ती पिल्लं उद्या सोडायची कुठे? त्यांना माळच लागणार. नान्नजचं गवत टिकवायचं ते यासाठी.

म्हणून पर्यटकांसाठी सोयी वाढवा अशी चर्चा निघाली की मला आधी सोयी कसल्या, ते विचारावंसं वाटतं. उपाहारगृह झालं की उष्टं आलं, उष्ट्यामागे कुत्री आली आणि कुत्र्यांमागे अंड्यांचा नाश. त्यापेक्षा गवतात मिसळून जाणारी, बुटकी, गुपचूप बसून बघायची आडोशाची जागा बरी. नीट मांडलेलं माहिती केंद्र हवं. वाटाड्या त्याच गावचा, रोजगार मिळालेला पोरगा हवा. ज्या गावाने निर्बंध सोसले, त्याच्या पदरात काहीतरी पडायला नको का?

आपल्या हातात काय आहे? दर पावसाळ्यात आपण वृक्षारोपण करतो. ते शहरात, रस्त्याकडेला, सोसायटीच्या आवारात जरूर करू या. गवताळ माळ मात्र मोकळाच राहू द्यावा. येत्या हिवाळ्यात सकाळी लवकर निघून नान्नजला जाऊ. जेवणाचे डबे गाडीतच उघडायचे आणि खरकटं घरी परत आणायचं. येणाऱ्यांनी आपली नावं चिटणीसांकडे द्यावीत.