ठोकळ्यांचें भांडार

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले कीं मुळशी तालुक्यांत गांवोगांव मुलांचे किल्ले उभे राहूं लागतात. दगड, माती, जुनीं पोतीं, उतारावर पेरलेले अळीव, माथ्यावर सिंहासनारूढ महाराज आणि वाटेवर बाजारांतून आणलेले मावळे. या किल्ल्यांचा एक दोष सर्वांस ठाऊक आहे व तो कोणी मनावर घेत नाहीं. मावळा बुरुजाहून उंच असतो आणि महाराजांना आपल्याच दरवाजांतून आंत शिरतां येत नाहीं. किल्ला रचणारा एक, मूर्ति घडविणारा दुसरा. दोघांची गांठ कधीं पडलेली नसते, मग मापें जुळावींत कशीं? ज्या खेळांत हीं मापें जुळलीं, आणि जुळल्यावर जीं परक्या माणसांनीं वर्षानुवर्षें सांभाळलीं, त्या खेळाची हकीकत आम्ही आज सांगणार आहों.

डेन्मार्कांतील बिलुंड गांवीं ओले कर्क क्रिस्टियानसन या सुतारानें १९३२ सालीं लांकडी खेळणीं करण्यास आरंभ केला. 'लेगो' हें नांव मागाहून पडलें. एकमेकांवर बसणाऱ्या ठोकळ्याची कल्पना मात्र सर्वस्वीं त्याची नव्हे. इंग्लंडांतील हिलरी पेज याच्या 'किडीक्राफ्ट' ठोकळ्यावरून ती उचललेली होती. २८ जानेवारी १९५८ रोजीं ओलेचा मुलगा गॉडफ्रेड यानें ठोकळ्याच्या पोटांत नळ्या घालून पकड घट्ट करण्याच्या युक्तीचें पेटंट मागितलें, आणि त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. एका कारखान्यानें इतका काळ एक माप ढळूं दिलें नाहीं, म्हणूनच पुढील गोष्ट घडूं शकली.

१९९५ सालीं ऑस्ट्रेलियांतील जेम्स जेसिमन या तरुणानें 'एलड्रॉ' नांवाचा एक प्रोग्रॅम लिहिला व तो सर्वांस फुकट दिला. संगणकाच्या पडद्यावर ठोकळे रचतां यावे एवढाच त्याचा हेतु होता. परंतु त्यानें केलेली मांडणी फार विचाराची होती. प्रत्येक ठोकळ्याची त्यानें स्वतंत्र फाईल केली, आणि तीही कोणासही वाचतां यावी अशा साध्या मजकुराची. ठोकळ्याच्या पोटांत जो क्रमांक उठविलेला असतो तोच सामान्यतः फाईलचा क्रमांक. वर दोन ओळींत आठ उंचवटे असलेला सर्वपरिचित ठोकळा म्हणजे ३००१. मापासाठीं त्यानें आपलें स्वतःचें एकक योजिलें. एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंतचें अंतर २०, ठोकळ्याची उंची २४, चपट्या पातळ ठोकळ्याची ८. असे तीन चपटे एकावर एक ठेवले कीं एक पुरा ठोकळा होतो. हें एकक भरतें ०.४ मिलीमीटर. मिलीमीटरांत ९.६ सारखे आंकडे घोकीत बसण्यापेक्षां हा हिशेब किती सुटसुटीत आहे, हें कोणत्याही सुताराला पटेल.

या मांडणीचें मर्म असें कीं, पडद्यावर बांधलेल्या घरांत ठोकळे नसतातच. असते ती केवळ यादी. अमुक क्रमांकाचा ठोकळा, अमुक रंगाचा, अमुक जागीं, अमुक दिशेस वळवून ठेवावा, अशी प्रत्येक ठोकळ्यामागें एक ओळ. ठोकळ्याचें रूप भांडारांत राहतें. फार काय, ठोकळ्यावरील गोल उंचवटाही प्रत्येक ठोकळ्यांत पुनःपुन्हां काढलेला नाहीं. तो एकदांच काढून निराळ्या फाईलींत ठेविला आहे, आणि शेंकडों ठोकळे तो तेथून मागून घेतात. तो एक उंचवटा कोणी सुधारला तर ज्या ज्या घरावर, जहाजावर, किल्ल्यावर तो आहे, तेथें तेथें तो आपोआप सुधारतो. उलट त्यांत चूक शिरली तर तीही तितकीच दूर पसरते.

जुलै १९९७ मध्यें, ऐन तारुण्यांत, जेसिमन वारला. भांडारांत त्या वेळीं कांहीं शें भाग होते. एकट्याच्या हौसेचीं कामें त्याच्याबरोबर बुडतात, असा आपला नेहमींचा अनुभव आहे. आमच्याकडे किती कोश आणि किती सूची पहिल्या खंडानंतर थांबल्या, याची यादी येथें देत नाहीं! पण येथें तसें झालें नाहीं. फाईली उघड होत्या, रीत सांगितलेली होती. ज्यांनीं त्याला कधीं पाहिलेंही नव्हतें अशांनीं नवे भाग काढावयास घेतले. मायकेल लाखमान यानें माऊसनें ठोकळे मांडतां येतील असा 'एमएलकॅड' हा प्रोग्रॅम लिहिला. त्यालाही हेंच भांडार पुरलें. आज त्यांत हजारों भाग आहेत आणि एकक अजून जेसिमनचेंच आहे.

भर घालण्यापेक्षां सुधारणें अधिक किचकट. नवा भाग आला कीं इतर सभासद तो तपासतात. दोन पृष्ठांमध्यें फट राहिली आहे काय, कडा जुळतात काय, आंतली बाजू कोणती व बाहेरची कोणती हें नीट नोंदलें आहे काय. निदान दोघांनीं मान्यता दिल्यावांचून तो भांडारांत अधिकृत होत नाहीं. अपुऱ्या भागाच्या नांवापुढें 'काम बाकी आहे' असा शेरा राहतो. तो लपविण्याची कोणास लाज वाटत नाहीं. एखाद्या भागाचा क्रमांक चुकला असें कळलें तर जुनी फाईल फेकून देत नाहींत. तिच्यांत 'येथून हलविला, आतां अमक्या क्रमांकावर पाहा' एवढी सूचना ठेवतात. त्यामुळें वीस वर्षांपूर्वीं कोणी रचलेलें घर आजही उघडतें. या कामांत नांव मिळत नाहीं. फाईलीच्या शिरोभागीं मूळ कर्त्याचें नांव असतें, आणि खालीं दुरुस्त्यांच्या इतिहासांत तारखेसह एकेक बारीक ओळ. आम्हांस त्या बारीक ओळी अधिक वाचनीय वाटतात.

खुद्द लेगो कंपनीनेंही २००४ मध्यें 'लेगो डिजिटल डिझायनर' हा आपला प्रोग्रॅम काढला. मुलांच्या हाताला तो फार सोपा होता, हें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. पण त्यांतील भाग कंपनी देईल तितकेच. बाहेरच्याला एक कोपराही घांसतां येत नसे. २०२२ मध्यें कंपनीनें तो बंद केला. त्याच्या जागीं तिनें पुढें केलेला 'स्टुडिओ' हा ब्रिकलिंक या बाजारपेठेचा होता. ती पेठ कंपनीनें २०१९ मध्यें विकत घेतली होती, आणि 'स्टुडिओ'च्या भागांचा पाया पुष्कळसा एलड्रॉच्याच भांडाराचा आहे. फुकट वांटलेली चीज अशी फिरून धन्याच्या घरीं आली.

आतां मुळशीकडे वळूं. या तालुक्याच्या पश्चिमेस कोरीगड आहे. मार्च १८१८ मध्यें कर्नल प्रॉथरच्या तोफांनीं दारूचें कोठार उडालें आणि गड पडला. तट मात्र अजून जवळजवळ अखंड आहे. लेगोचा माणूस सुमारें चार सेंटिमीटर उंच, म्हणजे प्रमाण एकास चाळीस. तटाचा घेर दोन किलोमीटर धरला तर प्रतिकृति पन्नास मीटरांची होते. ३००१ क्रमांकाचा ठोकळा ३२ मिलीमीटर लांब. म्हणजे एका थरास १,५६० च्या वर ठोकळे, आणि पंधरा थरांस तेवीस हजारांहून अधिक. इतके ठोकळे विकत घेणें कोणत्या मध्यमवर्गीय घराला परवडणार? पडद्यावर त्यांस एक पैसाही पडत नाहीं, आणि मावळा दरवाजांतून सुखानें आंत जातो.

मावळ्याच्या डोक्यावर काय घालावें हा प्रश्न निराळा. २००३ सालीं लेगोनें आपल्या एका मालिकेंत हिंदुस्थान दाखविला. त्यांतील महाराजाचें नांव 'लल्लू' असें ठेविलें होतें! त्याचा फेटा मावळ्यास शोभणारा नव्हे. भांडारांत केवळ प्रत्यक्ष निघालेलेच भाग अधिकृत होतात, तेव्हां आमची पगडी तेथें जाणार नाहीं. ती ज्याची त्यानें काढून आपल्या फाईलीसोबत ठेवावी, याला मात्र मनाई नाहीं.

पण जे भाग खरोखर आहेत आणि भांडारांत अपुरे आहेत, ते पुरे करण्यास काय लागतें? एक ठोकळा, एक व्हर्नियर कॅलिपर, आणि ०.४ नें भागण्याइतकें गणित. पिरंगुटच्या कारखान्यांत कॅलिपर हाताळणारीं माणसें आहेत. हिंजवडींत दिवसभर संगणकासमोर बसणारीं आहेत. दोन्हीं ठिकाणें याच तालुक्यांतलीं. आमच्या घरचीं मुलें या दिवाळींत कोरीगडाचा गणेश दरवाजा पडद्यावर रचीत आहेत. कमान अद्याप बसलेली नाहीं. भांडारांतील सहा कमानी त्यांनीं लावून पाहिल्या. सातवी लावण्याआधीं जेवून घ्या, असें त्यांस सांगितलें आहे.