पेशी लहानच का? गॅलिलिओपासून हॉल्डेनपर्यंत

‘पृष्ठफळ आणि घनफळ यांच्या गुणोत्तरामुळे पेशी लहान असतात.’ जीवशास्त्राच्या परीक्षेत हे उत्तर आपण एका वाक्यात लिहून मोकळे होतो. त्या वाक्यामागे जवळजवळ तीन शतकांचा विचार आहे आणि त्याचा एक धागा भारतापर्यंत येतो.

१६३८ साली गॅलिलिओचा अखेरचा मोठा ग्रंथ लायडन येथे प्रसिद्ध झाला. तेव्हा तो नजरकैदेत होता. प्राण्याची उंची वाढली, तर त्याची हाडे त्याच प्रमाणात वाढून भागणार नाही, ती अधिक जाड व्हावी लागतील, असे त्याने त्यात दाखवले. कारण साधे आहे. लांबी दुप्पट झाली की पृष्ठफळ चौपट होते, घनफळ मात्र आठपट. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी आणि घनफळ १ घन सेंमी असते. १० सेंमी बाजूच्या घनात हेच आकडे ६०० आणि १००० होतात. म्हणजे प्रत्येक घन सेंटीमीटरच्या वाट्याला येणारे पृष्ठफळ ६ वरून ०.६ वर उतरते.

पेशीचे अन्न, प्राणवायू आणि टाकाऊ द्रव्ये या सर्वांची ये-जा तिच्या पटलातूनच होते. गरज मात्र घनफळाच्या प्रमाणात वाढते. त्यात आणखी एक अडचण आहे. १८५५ साली आडोल्फ फिक याने विसरणाचे नियम मांडले. त्यांवरून असे दिसते की अंतर हजारपट झाले, तर विसरणाला लागणारा वेळ दशलक्षपट होतो. प्राणवायूचा रेणू १० मायक्रॉनचे अंतर सेकंदाच्या अल्पांशात ओलांडतो. १ सेंमीसाठी त्याला कित्येक तास लागतात.

१९२६ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी ‘ऑन बीइंग द राइट साइझ’ हा निबंध लिहिला आणि गॅलिलिओचे हे गणित साऱ्या जीवसृष्टीला लावून पाहिले. फुप्फुसे, कल्ले, आतड्यांच्या घड्या ही त्यांच्या दृष्टीने मोठ्या शरीराने मोजलेली किंमत होती. घनफळ वाढले की पृष्ठफळ कुठून तरी मिळवावेच लागते.

पेशीही तेच करते. तांबडी रक्तपेशी दोन्ही बाजूंनी खोलगट असते. तेवढ्याच घनफळाच्या गोलापेक्षा तिचे पृष्ठफळ बरेच अधिक भरते. चेतापेशीचा तंतू एक मीटरपर्यंत लांब जातो, पण त्याची जाडी काही मायक्रॉनच राहते. कोंबडीच्या अंड्यातील बलक ही एकच पेशी खरी. मात्र तिचा बहुतांश भाग साठवलेले अन्न असून सजीव पेशीद्रव्य वरच्या लहानशा चकतीत सामावलेले असते.

२०२२ साली ग्वादलूपच्या खारफुटीतील ‘थायोमार्गारिटा मॅग्निफिका’ या सुमारे १ सेंमी लांबीच्या जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले. जीवाणू नुसत्या डोळ्यांनी दिसावा, हेच आश्चर्य! पण आत पाहता उलगडा होतो. तो धाग्यासारखा बारीक आहे, त्याची बहुतांश जागा एका मोठ्या रिक्तिकेने व्यापली आहे आणि कार्यरत पेशीद्रव्य कडेच्या पातळ थरात आहे. त्यामुळे कोणतीही क्रिया पटलापासून फार दूर होत नाही. या महाकाय जीवाणूनेही गणिताची मर्यादा पाळलीच. मात्र तिच्यात राहून मोठे होण्याची वाट त्याला आकारातून सापडली.

हॉल्डेन १९५७ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, १९६१ साली भारतीय नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे निवर्तले. महागड्या उपकरणांवाचून, केवळ डोळस निरीक्षण आणि मोजमाप यांच्या बळावरही उत्तम जीवशास्त्र करता येते, हे ते येथील तरुण सहकाऱ्यांना सांगत राहिले. पृष्ठफळाचा नियम तसाच पारखता येतो. गुळाचा एक खडा आणि तेवढ्याच वजनाचा बारीक चुरा पाण्याच्या दोन पेल्यांत टाकावा व घड्याळ लावून पाहावे. कोणता आधी विरघळतो आणि का, याचे उत्तर ज्याला स्वतःच्या शब्दांत देता आले, त्याला पेशी लहान का असते हे पाठ करावे लागणार नाही.