कुंपणाबाहेरचा प्रेक्षक



चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘टेनिसचा प्रेक्षक’ असे सांगितले. त्यांना ती थट्टाच वाटली. हमाल-मापाड्यांच्या संघटनेत ज्याचे केस पिकले त्याने हमालीचे दर, माथाडी कायदा, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे. टेनिस हा तर साहेबांचा खेळ! कुस्तीवर बोलतो म्हटले असते तर लातूरकरांनी मान डोलावली असती. परंतु आमच्या घराण्यात हा खेळ तीन पिढ्या पाहिला गेला आहे आणि चौथी पिढी तो आज आपल्या पद्धतीने पाहत आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे सार्वजनिक वाचनालयाने आणि संघटनेच्या कचेरीतील वर्तमानपत्रांनी केले. त्या शिदोरीवर एवढे उमगले की इतिहास राजांचा लिहितात, खेळाडूंचाही लिहितात, पण पाहणाऱ्याचा फारसा कोणी लिहीत नाही. तो आज थोडासा सांगावा असा आमचा मानस आहे.

आरंभ निजामी अमलापासून केला पाहिजे. विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली झाली आणि इंग्रजी छावण्यांबरोबर हा खेळ लौकरच हिंदुस्थानात आला. आपला मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता आणि हैदराबादेत या खेळाला मोठा मान होता. त्या संस्थानातले सय्यद मोहम्मद हादी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळले, डेव्हिस चषकात हिंदुस्थानच्या बाजूने उतरले आणि पुढे १९३४ साली रणजी स्पर्धेतले पहिले शतकही त्यांनीच काढले. सात खेळांत पारंगत म्हणून लोक त्यांना ‘इंद्रधनुष्य’ म्हणत. त्याच १९३४ साली मुंबईच्या लीला राव यांनी विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिची आई पंडिता क्षमा राव ही आपल्या शंकर पांडुरंग पंडितांची कन्या. म्हणजे या खेळाशी मराठी माणसाचा संबंध तसा जुना. मात्र तो शिकल्या-सवरल्या, खात्यापित्या घरांचा.

आमचे आजोबा त्या काळी नांदेडला साहेबलोकांच्या एका मैदानावर रोजंदारीने होते. पहाटे पाणी मारावयाचे, रूळ फिरवावयाचा, फक्कीच्या रेघा ओढावयाच्या आणि संध्याकाळी कुंपणापलीकडे गेलेले चेंडू आणून द्यावयाचे. खेळ चालू असता आत थांबण्याची परवानगी नव्हती. सबब त्यांनी पाहिला तेवढा खेळ कुंपणाबाहेरून, मेंदीच्या फटीतून पाहिला. पण पाहिला तो कसा? चेंडू रेघेवर पडला की बाहेर, हे त्यांना साहेबांच्या आधी कळे. कारण रेघ त्यांनी ओढलेली होती. गुण कसे मोजतात ते त्यांना अखेरपर्यंत उमजले नाही. कोणता साहेब दमला आहे, कोणाचा पाय घसरतो आहे, हे मात्र ते अचूक सांगत. एका अंगमेहनती माणसाने दुसऱ्याचे अंग कसे राबते ते पाहावे, अशी ती दृष्टी होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. साहेब बदलले, कुंपण तेथेच राहिले. आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, नांदेडच्या कापडगिरणीत लागले. त्यांच्या पिढीने टेनिस डोळ्यांनी पाहिलेच नाही, कानांनी ऐकले. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत पोचला. पहिल्या खेपेस नील फ्रेझरने आणि दुसऱ्या खेपेस रॉड लेव्हरने त्याला हरविले. १९६६ साली कलकत्त्याला ब्राझीलच्या कॉखविरुद्ध तो जवळजवळ हरलेला सामना जिंकला आणि भारत प्रथमच डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत गेला. दादांना इंग्रजी येत नव्हते. चहाच्या हॉटेलातील रेडिओवर इंग्रजी समालोचन लागे. निवेदकाचा आवाज चढला की आपला गुण, पडला की त्यांचा, असा हिशेब दादा आणि त्यांचे सोबती करीत. हॉटेलवाला मधूनच विचारी, “कोण पुढं आहे?” आणि दादा ठासून सांगत, “आपला!” पुष्कळदा ते चुकत. परंतु साहेबांचा खेळ ‘आपला’ झाला तो तेथे.

येथे धंदेवाईक खेळाचा इतिहास थोडा उलगडला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. १९६८ पूर्वी मोठ्या स्पर्धांत फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असे. पैसे घेऊन खेळणारा तो धंदेवाईक. त्याला विम्बल्डनचे दार बंद. वरवर पाहता हे मोठे उदात्त वाटते. पण ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत नाही त्यालाच बिनपैशाने खेळता येते, हे कोणताही कामगार सांगेल. शिवाय चालक तिकिटांचे पैसे घेतच होते, आणि ‘खर्च’ या नावाखाली खेळाडूंच्या हातावर चोरून काही टेकवीतही होते. १९६८ साली दार उघडले. त्या वर्षी पुरुष विजेत्या लेव्हरला दोन हजार पौंड आणि महिला विजेत्या बिली जीन किंगला साडेसातशे पौंड मिळाले. मैदान तेच, प्रेक्षक तेच, आणि दाम निम्म्याहूनही कमी! बिली जीन आणि आठ जणींनी १९७० मध्ये एकेका डॉलरचा करार करून आपली वेगळी वाट धरली. विम्बल्डनने समान बक्षीस दिले ते २००७ साली. आमच्या मोंढ्यातील बाया धान्य निवडतात, पोती शिवतात, त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा एक म्हणाली, “तिकडं बी तसंच हाय म्हणा की!”

पुरुष खेळाडूंनी १९७२ च्या सप्टेंबरात संघटना बांधली. पुढच्याच वर्षी तिची कसोटी लागली. युगोस्लाव्हियाच्या निकी पिलिचवर तो देशाकडून खेळला नाही म्हणून बंदी घालण्यात आली. ती बंदी विम्बल्डनवर येत होती. तेव्हा संघटनेच्या ८१ खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार घातला. मानांकित १६ पैकी १३ जण त्यांत होते. आदल्या वर्षीचा विजेता स्टॅन स्मिथही होता. एका साथीदारासाठी एवढ्यांनी घरचे ताट लोटावे, हे गिरणीच्या दारावर तरी दर वेळी कोठे घडते?

त्याच १९७३ साली आपला विजय अमृतराज विम्बल्डनला खेळला आणि उपान्त्यपूर्व फेरीत पाच सेट झुंजून यान कोडेशकडून हरला. कोडेश पुढे विजेता ठरला. दादांनी त्या आठवड्यात हॉटेलात पेढे वाटले होते म्हणे. बहिष्काराची गोष्ट त्यांच्या कानांवर आली नव्हती. पुष्कळ वर्षांनी आम्ही वाचनालयात ती वाचली आणि घरी येऊन सांगितली. दादा आयुष्यभर लाल बावट्याखाली उभे राहिलेले. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “म्हंजे संप चालू होता अन् आपण पेढे वाटले?” विजयने काय करावयास हवे होते याचा निवाडा करण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु पाहणाऱ्याला अर्धेच दिसते, आणि जे दिसत नाही त्यातच पुष्कळदा कामगाराची बाजू असते, हा धडा आम्ही त्या दिवशी घेतला.

पुढच्या वर्षाने दादांचे मन हलके केले. १९७४ साली डेव्हिस चषकात भारत आणि सोव्हिएत रशिया यांची लढत आपल्या पुण्यात झाली. दादा संघटनेच्या कामाने पुण्यात होते. तिकीट परवडले नाही. म्हणून तेही आपल्या बापासारखे कुंपणाबाहेर उभे राहिले आणि टाळ्या ऐकून परतले. भारत जिंकला व अंतिम फेरीत गेला. समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णभेदाचा निषेध म्हणून भारताने तो सामना खेळण्यास नकार दिला आणि चषक सोडून दिला. एवढ्या जवळून आलेला चषक त्यानंतर आजतागायत आपल्याला मिळालेला नाही. दादा म्हणत, “मी ऐकलेल्यांतला सगळ्यांत मोठा सामना तोच, जो झालाच नाही.”

आता आमची पिढी. १९८५ च्या जुलैत आम्ही पंधरा वर्षांचे होतो. वस्तीत एका घरी दूरदर्शन संच होता. तीस-चाळीस माणसे जमिनीवर दाटीवाटीने बसली होती आणि सतरा वर्षांचा बोरिस बेकर गवतावर अंग झोकून देत होता. आमच्याहून दोनच वर्षांनी मोठा! आजोबा त्या वेळी थकले होते, पण आले. सामना संपल्यावर म्हणाले, “पोरगं लई पडतंय. गवत खालून ओलं असंल.” त्या दिवशी प्रथम कुंपण नाहीसे झाले असे आम्हांला वाटले. स्त्रियाही पुढे पाहू लागल्या. १९८८ साली स्टेफी ग्राफने चारही मोठ्या स्पर्धा आणि ऑलिंपिक सुवर्ण जिंकले तेव्हा आमच्या आईने तिला ‘आपली स्टेफी’ करून टाकले. १९९६ मध्ये अटलांटाला लिअँडर पेसने कांस्यपदक मिळविले. १९५२ च्या आपल्या खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक पदक मिळवायला भारताला ४४ वर्षे लागली होती. तोवर आम्ही संघटनेच्या कामासाठी लातूरला आलो होतो. मोंढ्यातील हमालांनी त्या दिवशी खाशाबांचे आणि लिअँडरचे नाव एका दमात घेतले. फेब्रुवारी २००५ मध्ये सानिया मिर्झाने हैदराबादची स्पर्धा जिंकली. रात्रीच्या गाडीने गाठता येईल अशा गावी आपली मुलगी जगाच्या स्पर्धेत जिंकली, याचा नांदेडच्या मुलींना किती धीर आला, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आम्ही स्वतः कुंपणाच्या आत गेलो ते २०१९ च्या जानेवारीत. पुण्याच्या बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात धंदेवाईक टेनिसची मोठी स्पर्धा पाच वेळा झाली. नंतर ती परदेशी गेली. मुलाने तिकीट काढले. एकेरीचा अंतिम सामना केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांत झाला; तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले आणि अँडरसन जिंकला. दुहेरीत आपले बोपण्णा-शरण विजयी झाले. पण आमची नजर वळली ती रेषापंचांकडे. गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, रेघेवर डोळा लावून उभी असलेली ती माणसे पाहताना आजोबांची आठवण झाली. मेंदीच्या फटीतून पाहणाऱ्या माणसाचे काम त्यांना मिळाले होते.

ते कामही आता चालले आहे. २०२५ मध्ये विम्बल्डनने १४७ वर्षांची प्रथा मोडून सुमारे ३०० रेषापंचांना निरोप दिला. निर्णय यंत्राकडे गेला. त्याच स्पर्धेत एका सामन्यात यंत्राचा काही भाग चुकून बंद राहिला, बाहेर पडलेला चेंडू त्याला दिसला नाही, आणि गुण पुन्हा खेळवावा लागला. प्रेक्षकाने त्याला हसून घेतले. आमच्या मापाड्यांना हसू आले नाही. बाजारात इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा त्यांनाही सांगण्यात आले होते की माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही. यंत्र नको असे आम्ही म्हणत नाही. त्यामुळे शेतकऱ्याचे माप खरे होत असेल तर ते हवेच. यंत्र आले तेव्हा माणसाचे काय केले, एवढेच आम्ही विचारतो.

चौथी पिढी आमच्या मुलांची. ८ जून २०२५ रोजी पॅरिसला अल्काराझ आणि सिनर ५ तास २९ मिनिटे झुंजले. आमच्या मुलाने तो सामना मोबाइलवर दहा मिनिटांत ‘पाहिला’. आम्ही रागावलो नाही. त्याची पाळी रात्रीची असते, साडेपाच तास त्याला देतो कोण? चिंता वेगळ्याच गोष्टीची आहे. आमच्या परिचयातील एक कंत्राटी कामगार, वय तेवीस, एके दिवशी उसने मागावयास आला. दोन महिन्यांचा पगार त्याने मोबाइलवर टेनिसच्या सामन्यांवर लावला होता. खेळाडूंची नावेही त्याला उच्चारता येत नव्हती. पुढचा गुण कोणाचा, यावर तो पैसे लावी. आणि हरला की त्या परदेशी मुलीला, जी त्याच्यासारखीच पोटासाठी गावोगाव फिरत होती, शिव्या लिहून पाठवी. तो एकटा नव्हे. जागतिक संस्थांनी २०२४ सालची पाहणी केली तेव्हा ४५८ खेळाडूंना सुमारे ८,००० शिवीगाळीचे संदेश आढळले आणि त्यांपैकी ४० टक्के जुगारात हरलेल्यांचे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे योग्यच झाले. तथापि कायद्याने दुकान बंद होते. नजर बदलत नाही.

मंडळी, आमच्या आजोबांना फट मिळाली, दादांना आवाज, आम्हांला चित्र आणि आमच्या मुलांना सारे काही मुठीत. पण त्या तेवीस वर्षांच्या पोराला आजोबांना दिसले तेवढेही दिसले नाही. समोर कोणीतरी राबत आहे, दमत आहे, घसरत आहे, हे त्यांना फटीतून दिसले होते. विम्बल्डनच्या एकेरीच्या विजेत्याला २०२५ मध्ये तीस लक्ष पौंड मिळाले. खालच्या क्रमांकाचे शेकडो खेळाडू मात्र प्रवासखर्च कसा भागेल या विवंचनेत असतात. २०२० साली खेळाडूंची आणखी एक संघटना निघाली आणि २०२५ मध्ये ती न्यायालयात गेली, ती उगीच नव्हे. या लढ्याची बातमी कळायला दादांसारखी पुष्कळ वर्षे थांबण्याची गरज आता नाही. ती त्याच मोबाइलवर आहे. पाहणाऱ्याने तेथे बोट नेले पाहिजे.

आमच्या कचेरीत आम्ही एक लहानसा उपक्रम चालविला आहे. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी पडद्यावर सामना लावतो आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहतो. पैसे लावण्यास मनाई आहे. तो तेवीस वर्षांचा पोरगाही गेल्या खेपेस आला होता. तिसऱ्या सेटला तो म्हणाला, “साहेब, हिचा पाय दुखतोय बघा.” आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला. येत्या जुलैत आपणही या, चहा आमच्याकडून.