गीतेवरचा हात

टीव्हीवरच्या कोर्टात रहस्य उलगडण्याआधी एक विधी ठरलेला असतो. शिपाई लाल कापडात बांधलेली गीता पुढे करतो, पिंजऱ्यातला माणूस तिच्यावर हात ठेवतो आणि खरं तेच सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही, अशी ग्वाही देतो. मग वकील फेऱ्या मारत त्याला घेरतो. या कथाप्रकाराचा मोठा पूर्वज म्हणजे ‘पेरी मेसन’. १९५७ ते १९६६ या काळात अमेरिकेत या मालिकेचे २७१ भाग झाले, आणि खरा गुन्हेगार भर कोर्टात कोसळणं ही तिची खूणच होऊन गेली. मराठीत सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासने याच जातीच्या थराराची गोडी लावली. वकील, उलटतपास, कबुली हे सगळं बाहेरून आलं. पण गीता? ती अमेरिकेतून येणं शक्य नाही, आणि आपल्या कायद्याच्या पुस्तकातही ती सापडत नाही.

पडद्यावरचं कोर्ट आणि खरं कोर्ट यांतला हा फरक कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात फार जवळून दिसतो. चौकजवळच्या हातनोलीत कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ साली चित्रीकरणाचा स्टुडिओ उभा केला आणि खालापूर तालुक्यात राजवाडे नि किल्ले उभे राहिले. तिथून थोड्याच अंतरावर कर्जतचं आणि खालापूरचं खरंखुरं कोर्ट आहे. तिथे बांधाचे वाद चालतात, न वटलेल्या धनादेशांचे खटले चालतात. खुनाचा खटला इथे उभाच राहत नाही, तो सत्र न्यायालयाकडे जातो. पुकारा झाला की साक्षीदार आत येतो, शपथ किंवा प्रतिज्ञा घेतो, आणि सरतपास सुरू होतो. पहिल्यांदाच साक्षीला आलेल्या माणसाची नजर लाल कापड शोधत असेल, तर त्यात नवल नाही. आयुष्यभर त्याने तेच पाहिलेलं असतं.

आपल्याकडची शपथ ग्रंथावरची नव्हतीच. मराठेशाहीत गोतसभेपुढे तंटा आला की बेलभंडार उचलायचा, गंगोदक किंवा तुळस हातात घ्यायची, नाहीतर नदीच्या पात्रात उभं राहून बोलायचं. कागद आणि साक्षी दोन्ही अपुरे पडले, तर दिव्य. रवा दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. मग हात पिशवीत बांधून वर मोहर करत, आणि ठरल्या मुदतीनंतर पंचांसमक्ष पिशवी सोडून हात बघत. हात शाबूत तर माणूस खरा. वतनासाठी माणसं हे सोसायला तयार होत. आज ते वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यामागचा विचार समजून घ्यायला हवा. खोटं बोलणाऱ्याला शिक्षा देणारा देव होता, पंच फक्त पाहणारे होते.

कंपनी सरकारच्या अमलात दिव्य गेलं आणि साक्ष उरली. पण साक्षीला शपथ कोणती द्यायची? ख्रिस्ती साक्षीदाराला बायबल होतं, म्हणून हिंदूला गंगाजल आणि मुसलमानाला कुराण अशी वाटणी झाली. ती फार काळ टिकली नाही. सदसद्विवेकाला न पटणाऱ्या अशा शपथांमुळे न्यायाच्या कामात अडथळा येतो, असं १८४० च्या पाचव्या कायद्याने सांगितलं आणि कंपनीच्या कोर्टांत हिंदू-मुसलमानांसाठी परमेश्वराला स्मरून करायची साधी प्रतिज्ञा आणली. पुढे १८७३ चा शपथ कायदा आला. त्याने एक जुनी वाट मात्र उघडी ठेवली होती. ‘समोरच्याने अमुक शपथ घेऊन सांगितलं तर मी मान्य करतो’, असं एखादा पक्षकार म्हणाला, तर त्या शपथेवरचं बोलणं त्याला बांधून टाकी. बेलभंडाराचाच हा उरलेला धागा. १९६९ च्या आजच्या कायद्याने तोही तोडला.

मग पडद्यावर गीता आली कुठून? मला वाटतं, ती बायबलच्या जागी बसवली गेली. इंग्रजी कोर्टातला ग्रंथावरचा हात नाटका-सिनेमावाल्यांनी उचलला आणि त्याखाली आपला ग्रंथ ठेवला. दृश्य म्हणून ते पक्कं आहे. एका क्षणात प्रेक्षकाला कळतं की आता खऱ्या-खोट्याचा निकाल लागणार. विजय तेंडुलकरांनी या दृश्याची ताकद नेमकी ओळखली. १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खेडेगावी प्रयोगाला आलेली मंडळी लुटूपुटूचा खटला मांडतात आणि शपथेला ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश घेतात. शब्दकोशावरच्या त्या शपथांमधून त्यांच्यातल्याच बेणारे बाईंचं आयुष्य उघडं पाडलं जातं. ग्रंथ कुठलाही असो, माणसांचा क्रूरपणा त्याने अडत नाही, हे मराठी रंगभूमीवर इतक्या थेटपणे दुसरं कुणी दाखवलेलं मला आठवत नाही.

१९६९ च्या कायद्यात ईश्वराची शपथ आहे आणि ज्याला ती नको असेल त्या कुणाहीसाठी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा आहे. ग्रंथाचं नाव नाही. मात्र साक्षीदाराने स्वतः मागितलं, तर त्याच्या समाजात रूढ असलेली शपथ घ्यायला कोर्ट परवानगी देऊ शकतं. ती न्यायाला किंवा सभ्यतेला सोडून नसावी आणि तिची बाधा तिसऱ्याला होऊ नये, एवढीच अट. म्हणजे गीतेला मनाई नाही, आणि कर्जतच्या डोंगरातल्या ठाकूरवाडीतून आलेल्या माणसाला वाघोबाची आण घ्यावीशी वाटली तर कायद्याच्या लेखी तिची पायरी गीतेहून खाली नाही. हे कलम मला फार मोलाचं वाटतं.

पडद्यावरची एक चूक मात्र सोडून देण्यासारखी नाही. तिथे आरोपीलाही गीतेवर हात ठेवायला लावतात. खऱ्या कोर्टात आरोपीला शपथ देणं बेकायदा आहे. आपल्या बचावासाठी तो स्वतःहून साक्षीदार म्हणून उभा राहिला, तरच ती देता येते. एरवी न्यायाधीश त्याला विचारतात आणि तो शपथेविना उत्तर देतो किंवा गप्प राहतो, कारण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात लिहिलेलं आहे. दिव्याच्या काळात उकळत्या तेलात हात घालावा लागायचा तो वादात अडकलेल्या माणसालाच. तिथून इथवरचा पल्ला त्या लाल कापडाच्या दृश्यात पार पुसला जातो.

१९६९ च्याच कायद्यानुसार, बारा वर्षांखालच्या ज्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नाही, पण खरं बोलायला हवं हे कळतं, त्याची साक्ष शपथेविना घेता येते. आणि शपथ द्यायची राहून गेली तरी साक्ष बाद होत नाही, साक्षीदाराची खरं सांगायची जबाबदारीही सुटत नाही. न्यायालयीन कामात खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १८६० च्या दंडसंहितेतली ही मुदत २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्यायसंहितेच्या २२९ व्या कलमातही तशीच आहे.